साठ लाखांचे घर, पण कोणत्या फुटांनी मोजलेले?

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत 60 लाख रुपयांत राज्यातल्या निरनिराळ्या शहरांत केवढे घर मिळू शकते, याचा एक तक्ता छापून आला आहे. मुंबईच्या उपनगरांपासून सुरू होऊन सांगलीपाशी संपणारा हा तक्ता आमच्या घरी तीनदा वाचला गेला, कारण नेमक्या याच रकमेत माझी मुलगी आणि जावई गेले सात महिने घर शोधत आहेत आणि त्यांच्याबरोबर मीही त्यातल्या पाच ठिकाणचे जिने चढून आलो आहे. तक्ता खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र प्रत्येक गावासमोर दिलेला चौरस फुटांचा आकडा एकाच मापाने मोजलेला नाही आणि 60 लाख ही रक्कमसुद्धा सगळीकडे 60 लाख राहत नाही, हे सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे; जागेअभावी कात्री लावावी लागलीच तर ती माझ्या आठवणींना लावावी, आकड्यांना लावू नये, ही विनंती.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत 33 वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर काढली. त्या टेबलासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक ग्राहक पहिल्या वाक्यात ‘मला इतक्या लाखांचे घर घ्यायचे आहे’ असे सांगत असे आणि अर्ध्या तासाने उठताना ‘मग साहेब, घर नक्की कितीचे बघू?’ असे विचारत असे. या दोन वाक्यांमधल्या अर्ध्या तासात जे घडते तेच आपल्या तक्त्यातून निसटले आहे.

उदाहरण म्हणून आमच्या डोंबिवलीचेच घ्या. बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत आम्ही 535 चौरस फूट कार्पेटचा (म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेचा) दोन खोल्या, हॉल, किचन असा फ्लॅट पाहिला. कराराची किंमत 52 लाख रुपये सांगण्यात आली. त्यावर 5 टक्के जीएसटी म्हणजे 2 लाख 60 हजार, 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 3 लाख 64 हजार, नोंदणी फी 30 हजार, आणि सोसायटी स्थापना, वकील, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स वगैरे किरकोळ म्हणवल्या जाणाऱ्या गोष्टींचे 1 लाख 40 हजार. बेरीज 59 लाख 94 हजार होते. म्हणजे 60 लाखांची पिशवी घेऊन निघालेल्या माणसाने घर पाहायचे ते 52 लाखांचेच. उरलेले आठ लाख भिंतीत दिसत नाहीत.

त्यातही एक गाठ आहे, जी तरुण मंडळींना शेवटच्या आठवड्यात कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपेक्षा जास्त आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च धरता येत नाही. घर 10 लाखांच्या आतले असेल तरच ती सवलत आहे. तेव्हा वरच्या उदाहरणात कर्ज मिळणार 41 लाख 60 हजार, आणि करारातला फरक व बाकीचे सगळे मिळून सव्वाअठरा लाखांहून अधिक रोकड स्वतःच्या खिशातून उभी करायची. व्याजदर 8 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली तर हप्ता महिन्याला सुमारे 34 हजार 800 रुपये पडतो. हप्ता झेपतो पण रोकड नाही, अशी कितीतरी जोडपी मी परत जाताना पाहिली आहेत. अशा वेळी सासरे, मामा, पीएफ आणि आईच्या पाटल्या यांची मोजदाद सुरू होते. तिचा रकाना अर्थातच कोणत्याच तक्त्यात नसतो.

आता मुंबई. आपल्या तक्त्यात मुंबईच्या उपनगरासमोर ‘वन आरके’ असे लिहून पुढे सरकले आहे, आणि ते ठीकच आहे, कारण त्याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. मुलुंडला आम्ही 265 चौरस फुटांची एक खोली व स्वयंपाकघर 56 लाखांना पाहिले. इमारत पन्नाशीला टेकलेली होती. बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचे उरलेले आयुष्य विचारतो आणि ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी भरले, तर बँक मुदत तरी कापते किंवा कर्ज तरी नाकारते. गिरगावात एका ओळखीच्या गृहस्थांनी पागडीची खोली सुचवली. जागा छान होती, सकाळी देवळातली घंटाही ऐकू येत होती, पण पागडीत तुम्ही भाडेकरूच राहता, मालकी तुमची होत नाही आणि म्हणून गृहकर्जही मिळत नाही. त्या 60 लाखांतले 42 लाख बँकेचे असतील, तर गिरगावात तुमचे अंदाजपत्रक 60 लाखांचे नसून 18 लाखांचे असते. एक गोष्ट मात्र मुंबईत स्वस्त आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. मुंबई शहर व उपनगरात मुद्रांक शुल्क 6 टक्के पडते, तर ठाणे, पुणे व नागपूर या शहरांत स्थानिक संस्था कर आणि मेट्रो उपकर मिळून 7 टक्के. मुंबई परवडत नाही म्हणून जो माणूस खाडी ओलांडून पलीकडे जातो, त्याच्याकडून शेकडा एक रुपया जास्त घेतला जातो.

डोंबिवलीच्या पुढे रेल्वेने सरकत गेले की फूट वाढतात. बदलापूरला 700 चौरस फूट कार्पेटचा नवा फ्लॅट आम्हाला 40 लाखांत सांगितला. इथे मात्र असा एक प्रकार समोर आला की इतकी वर्षे कर्ज दिलेल्या मलाही तो कागदावर लिहून पाहावा लागला. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घराला साधारण 5 टक्के आणि ‘परवडणाऱ्या’ घराला 1 टक्का जीएसटी लागतो. परवडणारे घर म्हणजे एकूण किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र महानगरात 60 चौरस मीटर, तर अन्यत्र 90 चौरस मीटरपर्यंत. महानगरांच्या यादीत मुंबई आहे, पण ती संपूर्ण मुंबई महानगर प्रदेशासह आहे. म्हणजे बदलापूरही त्यात आले. पुणे त्या यादीत नाही. 60 चौरस मीटर म्हणजे सुमारे 646 चौरस फूट. तेव्हा बदलापूरचा 40 लाखांचा, 700 फुटांचा फ्लॅट कायद्याच्या दृष्टीने ‘परवडणारा’ ठरत नाही आणि त्यावर 40 हजारांऐवजी 2 लाख रुपये कर पडतो, तर पुण्याच्या कडेला 45 लाखांचा, 900 फुटांचा फ्लॅट कोणाला सापडलाच तर तो परवडणारा ठरून त्यावर 45 हजारांत भागते. बदलापूरच्या माणसाने 54 फूट जास्त घेतले म्हणून 1 लाख 60 हजार रुपये भरायचे. म्हणजे त्या जास्तीच्या प्रत्येक फुटाला जवळजवळ 3 हजार रुपये निव्वळ कर.

45 लाखांच्या रेषेवरही हाच खेळ चालतो. फ्लॅट 45 लाखांचा असेल तर कर 45 हजार, 46 लाखांचा झाला की 2 लाख 30 हजार. बिल्डरांना हे ठाऊक असते, म्हणून 44 लाख 90 हजारांचे फ्लॅट इतके दिसतात. या एकूण किमतीत पार्किंग आणि बिल्डर आकारतो ते इतर शुल्कही धरावे लागते, हे मात्र माहितीपत्रकात बारीक टाइपातसुद्धा सापडत नाही.

बदलापूरचे अंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटर आहे, डोंबिवलीचे 48. मी 28 वर्षे डोंबिवलीहून फोर्टात गेलो. घरातून निघून टेबलापर्यंत पोहोचायला दीड तास आणि परत यायला तेवढाच. वर्षाचे 280 दिवस धरले तर 840 तास होतात, म्हणजे रात्रंदिवस मोजलेले पूर्ण 35 दिवस. हे 35 दिवस माझ्या घराच्या किमतीत कधी धरले गेले नाहीत, आणि खरे सांगायचे तर 1989 साली ते धरायला मी तयारही नव्हतो, कारण तेव्हा स्वतःचे घर झाले एवढ्यानेच आम्ही हरखून गेलो होतो. शिवाय डोंबिवलीपलीकडे गाडीत चढताना जागा मिळते, ही बदलापूरकरांची सांगण्यासारखी बाजू आहे. उल्हास नदीची आठवण मात्र ते सांगत नाहीत. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती. ज्या शेतांमधून ते पाणी वाहिले, तशा नदीकाठच्या जागांवर आता गृहसंकुलांचे फलक दिसतात.

स्वस्ताईचे एक कारण आमच्याच महापालिकेच्या हद्दीत अलीकडे उघडे पडले. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांच्या रेरा कायद्यासाठीच्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी बँकांची कर्जे काढून, मुद्रांक शुल्क भरून, रीतसर नोंदणी करून ती घरे घेतलेली होती. महारेराचा क्रमांक आहे म्हणजे कागद स्वच्छ आहेत, हा माझाही समज त्या बातमीने मोडला. शेजारच्या इमारतीपेक्षा दर फुटामागे हजार-दीड हजार कमी असेल, तर तो ग्राहकावरच्या प्रेमापोटी कमी नसतो. बांधकामाची परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन पडताळणे हे काम कंटाळवाणे आहे, पण 60 लाखांच्या खरेदीत एक दिवसाची रजा महाग पडत नाही.

पुण्यात आम्ही वाघोलीला गेलो. जावयाचे कार्यालय पुण्यात आहे, पण तो बहुतेक दिवस घरूनच काम करतो; मुलीला आठवड्यातून तीन दिवस नवी मुंबईतल्या ऐरोलीला जावे लागते. वाघोलीत 52 लाखांत 620 फूट मिळत होते आणि वरचे कर डोंबिवलीइतकेच. विक्री कार्यालयातल्या तरुणाने मात्र 620 हा आकडा एकदाही उच्चारला नाही. तो सतत ‘युजेबल कार्पेट 710’ म्हणत राहिला. रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट म्हणजे घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र. त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. ‘युजेबल कार्पेट’ नावाचे माप कायद्यात नाही. त्यात बाल्कनी आणि कपडे वाळत घालायची कोरडी जागा मिसळलेली असते. जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत तर अजूनही ‘सुपर बिल्टअप’ चालते, ज्यात जिना, लिफ्ट आणि कधीकधी क्लब हाउसचा वाटाही तुमच्या फुटांत मोजलेला असतो. आपल्या तक्त्यात पुण्यासमोर 700 आणि डोंबिवलीसमोर 540 लिहिले आहे. मला दाट शंका आहे की हे दोन आकडे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांचे आहेत.

वाघोलीत मी पाण्याची चौकशी केली. हे गाव 2021 मध्ये आणखी 22 गावांबरोबर पुणे महापालिकेत आले, परंतु शेजारच्या तयार संकुलात राहणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की त्यांची सोसायटी टँकरवर चालते आणि उन्हाळ्यात मेंटेनन्स महिन्याला साडेपाच हजारांवर जातो. आमच्या डोंबिवलीच्या जुन्या सोसायटीत तो दीड हजार आहे. फरक महिन्याला चार हजारांचा, आणि 8 टक्क्यांच्या 20 वर्षांच्या कर्जात चार हजार रुपये म्हणजे जवळजवळ पावणेपाच लाखांच्या कर्जाचा हप्ता. दुसऱ्या शब्दांत, टँकरवरचे 52 लाखांचे घर आणि नळाच्या पाण्याचे पावणेसत्तावन्न लाखांचे घर महिन्याकाठी सारखेच पडते. पाण्याची ही बाब मराठवाड्यात तर याहून टोकाची आहे. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते वर्ष आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

नाशिकबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तक्रारीला जागा कमी सापडली. पाथर्डी फाट्याच्या बाजूला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला, 950 फूट कार्पेटचा, तीन खोल्यांचा फ्लॅट 55 लाखांना मिळत होता. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही आणि तिथे मुद्रांक शुल्क 6 टक्के होते. नोंदणी धरून 58 लाख 60 हजारांत काम होत होते. करारात 55 लाख म्हणजे डोंबिवलीपेक्षा तीन लाख जास्त, तरी एकूण खर्च सव्वा लाखाने कमी! तयार घराला प्राधान्य द्यावे असे मी ग्राहकांना सांगत आलो, त्याचे हे एक कारण. दुसरे असे की तयार घरात हप्ता आणि भाडे एकाच वेळी भरावे लागत नाही. अडचण एवढीच की नाशिक रोड ते मुंबई हे रेल्वेचे अंतर 187 किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून नाशिकच्या प्रत्येक माहितीपत्रकावर त्याचे चित्र असते, पण भिवंडीजवळचे आमणे म्हणजे ऐरोली नव्हे, आणि आठवड्यातून तीनदा टोल व डिझेल भरून जाणे म्हणजे घराचा दुसरा हप्ताच. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणारी माणसे नाशकात आहेत, त्यांना मी मनापासून नमस्कार करतो.

सांगलीचा मोह आम्हाला सर्वांत जास्त पडला. माझे आजोळ मिरजेजवळ आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. विश्रामबागेच्या बाजूला 48 लाखांना पुनर्विक्रीचा फ्लॅट, समोर झाड, खाली गाडीला जागा. 6 टक्के शुल्क आणि नोंदणी धरून 51 लाख 18 हजार, आणि उरलेल्या पावणेनऊ लाखांत घराची सगळी डागडुजी. स्वतःचे 18 लाख घातले तर कर्ज 33 लाखच लागले असते आणि हप्ता 27 हजार 600. तक्त्याप्रमाणे विचार केला तर यापुढे शोधायलाच नको होते. तिथे तीन गोष्टी आड आल्या.

पहिली पुराची. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले होते, जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, आणि सांगली-कोल्हापुरात आता घर पाहायला गेलेला माणूस आधी ‘इथे 2019 ला पाणी कुठवर होते?’ असे विचारतो. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर असतात, पण भावात त्या लोकांच्या आठवणींनी उमटतात. ज्या भागात पाणी आले नाही तिथे भाव चढला आहे, आणि ज्या भागात आले तिथे विकणारा माणूस रंगाचा नवा हात देऊन बसला आहे. भिंतीवर फुगलेला गिलावा कुठल्या उंचीवर थांबतो, ते पाहावे. आम्ही पाहिलेल्या घरात पाणी आले नव्हते, पण त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आले होते.

दुसरी गोष्ट कागदांची. रेरा कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. मोठ्या शहरात एवढ्याशा जागेचे प्रकल्प एकूण बांधकामात उठून दिसत नाहीत. सांगली, सातारा, रत्नागिरीसारख्या गावांत मात्र चार-पाच गुंठ्यांवर आठ फ्लॅटची अपार्टमेंट हीच नेहमीची रीत आहे. म्हणजे जिथे घर स्वस्त, तिथे कायद्याचे छत्रही आखूड. त्यातल्या कितीतरी बांधकामांना भोगवटा प्रमाणपत्र नसते आणि ‘आमच्याकडे तसे कोणी विचारत नाही’ हे उत्तर मिळते. गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेले, प्लॉट हा आणखी वेगळा विषय आहे. ज्यांना बंगला बांधायची हौस आहे त्यांनी सातबारा, बिनशेती आदेश आणि गुंठेवारी नियमित झाल्याचा कागद बँकेच्या वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये. माझ्या टेबलावर नाकारलेल्या प्रकरणांत सर्वांत मोठा गठ्ठा अशाच प्लॉटांचा होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी इसाराची रक्कम आधीच देऊन टाकलेली असे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘एकाच रकमेत निरनिराळ्या गावांत’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ती रक्कम कमावणारा पगार गावाबरोबर बदलत नाही असे गृहीत धरतो. माझ्या जावयाचे 60 लाख हे पुण्याच्या पगाराचे 60 लाख आहेत. घरून काम करण्याची मुभा आहे तोवर ते सांगलीत खर्च करता येतात. कंपनीने उद्या सगळ्यांना कार्यालयात बोलावले, तर सांगलीतले घर बंद ठेवून पुण्यात भाडे भरावे लागेल, किंवा सांगलीत मिळेल त्या पगारावर तोच हप्ता ओढावा लागेल. घर विकून मोकळे व्हावे म्हटले, तर डोंबिवलीचा फ्लॅट दोन-तीन महिन्यांत जातो आणि सांगलीतल्या माझ्या मामेभावाला त्याचा फ्लॅट विकायला दीड वर्ष लागले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. निवृत्त माणसाचे तसे नसते. पेन्शन गाव बघत नाही, लोकलचा प्रश्न येत नाही, फक्त चांगले रुग्णालय जवळ हवे, आणि मिरजेला ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेव्हा सांगलीसमोरचा तोच आकडा माझ्यासाठी खरा आहे आणि माझ्या मुलीसाठी नाही.

आता जे सरकारला उद्देशून आहे ते. सामान्य माणसाच्या हिशेबात जागेप्रमाणे फरक पडतो, हे काही नियमकर्त्यांना कळलेले आहे. म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर क्षेत्रांत 6 लाख रुपये आणि उर्वरित राज्यात साडेचार लाख आहे. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पासून प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांना ठरावीक प्रमाणात कर्ज द्यावेच लागते अशा क्षेत्रातल्या) गृहकर्जासाठी लोकवस्तीप्रमाणे तीन पायऱ्या केल्या: 50 लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत घराची किंमत 63 लाखांपर्यंत, 10 ते 50 लाख वस्तीच्या शहरांत 57 लाखांपर्यंत आणि त्याहून लहान गावांत 44 लाखांपर्यंत. या पायऱ्या पुरेशा आहेत असे मला वाटत नाही, कारण मुंबई आणि सांगलीच्या भावात चार-पाच पटींचे अंतर असताना इथे दीडपटही नाही. तरी पायऱ्या आहेत, हे महत्त्वाचे.

याउलट जीएसटीची 45 लाखांची मर्यादा 2019 पासून तीच आहे आणि मुलुंडपासून मिरजेपर्यंत एकच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला, त्यातल्या व्याज अनुदानासाठी घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत हवे, तेही देशभर एकसारखे. वर्षाला 9 लाख मिळवणारे कुटुंब या योजनेत बसते, पण मुंबई महानगर प्रदेशात 35 लाखांचे घर शोधायचे तर त्याला बदलापूर, वांगणी, नेरळकडे जावे लागते. ज्याचे काम अंधेरीला आहे, त्याला अनुदान मिळवण्यासाठी रोज जाऊन-येऊन पाच तासांचा प्रवास करा, असेच हे सांगणे झाले. सांगलीत हीच 35 लाखांची मर्यादा ऐसपैस पुरते. मर्यादा ठरवायला वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते म्हणजे आपण ज्यांना रेडी रेकनर म्हणतो, ते राज्य सरकारकडे गावागावाचे, गल्लीगल्लीचे तयार असतात. मुद्रांक शुल्क घेताना सरकार तेच तक्ते उघडून अमुक रस्त्यावरच्या घराचा भाव तमुक आहे असे आपल्याला ठणकावून सांगते. घेण्यासाठी जो तक्ता चालतो, तो देण्यासाठी का चालू नये, याचे उत्तर मला 33 वर्षांत मिळाले नाही. निदान महानगर प्रदेशातली 60 चौरस मीटरची अट बदलापूर-अंबरनाथसारख्या नगरपालिकांच्या हद्दीत 90 करावी आणि 45 लाखांच्या रेषेवर एकदम उडी न ठेवता कर टप्प्याटप्प्याने चढवावा, एवढे तरी जीएसटी परिषदेकडे राज्याने मागावे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. असे तक्ते अवश्य छापावेत, लोक ते कापून ठेवतात आणि त्यांच्या भरवशावर सुट्टीच्या दिवशी घरे पाहायला निघतात. पण त्यात क्षेत्रफळ रेरा कार्पेटचेच द्यावे, किंमत सगळे कर धरून द्यावी, पाणी नळाचे की टँकरचे हे लिहावे आणि रेल्वे स्थानक किती दूर आहे ते जाहिरातीतल्या ‘पाच मिनिटांत’ न मोजता किलोमीटरमध्ये द्यावे. महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात मिळणारी 1 टक्क्याची सवलतही त्यात नमूद करायला हरकत नाही. ती फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावे खरेदी असेल तर मिळते, नवरा-बायकोच्या जोड नावाने मिळत नाही, हे आमच्या मुलीला दुय्यम निबंधक कार्यालयातच कळले.

मुलगी आणि जावई सध्या डोंबिवली आणि नाशिक यांच्यात अडकले आहेत, आणि दोघांचे मत दर शनिवारी बदलते. त्यांना हातभार म्हणून आपल्या तक्त्यातल्या सांगलीसमोरच्या 1,150 चौरस फुटांबद्दल मी विचारतो: हा आकडा कार्पेटचा आहे, बिल्टअपचा (बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरून) आहे की सुपर बिल्टअपचा, एवढे पुढच्या रविवारी एका ओळीत छापले तरी पुरे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)